उभ्या गाडीचा घसारा

आमच्या घराच्या बाजूला पत्र्याच्या छपराखाली १९८४ सालची एक प्रीमियर पद्मिनी उभी असते. 'उभी असते' असे मी मुद्दामच म्हटले. कारण ती धावते थोडी आणि उभी राहते फार. महिन्यातून एकदा-दोनदा आजोबा तिला कॅम्पात मिलिटरी महादेवापर्यंत नेतात, परत आणून पुसतात आणि वर जुनी चादर घालतात. तिच्या क्रोमच्या पट्ट्यांत अजून तोंड पाहून घ्यावे. पाहुणा आला की चहाच्या आधी गाडी दाखवली जाते. पाहुणा हटकून म्हणतो, "काय ठेवली आहे हो गाडी! अगदी कालच आणल्यासारखी!" आणि आजोबा हटकून उत्तर देतात, "चालवतोच कुठे? उभीच तर असते. झिजणार कशी?"

या शेवटच्या वाक्याशी माझे भांडण आहे. (आजोबांशी नाही. त्यांच्याशी भांडून आमच्या घरात कोणी जेवलेले मला ठाऊक नाही.)

आम्ही वाणिज्य शाखेची मुले पहिल्याच वर्षी घसारा शिकतो. मालमत्तेची किंमत वापराने उतरते, आणि नुसत्या काळानेही उतरते, हे वाक्य आम्ही उत्तरपत्रिकेत कितीदा लिहिले असेल! २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत मोटारीचे उपयुक्त आयुष्य ८ वर्षे धरले आहे. भाड्याने फिरणारी असेल तर ६. त्यानंतर पुस्तकात उरते ती मूळ किमतीच्या फार तर ५ टक्के रक्कम. हाच हिशेब लावला तर आमची पद्मिनी १९९२ सालीच संपली, आणि गेली तीसहून अधिक वर्षे आम्ही सहकुटुंब तिच्या भंगार-किमतीवर बसून हिंडतो आहोत!

परंतु घरच्या मालमत्तेचा घसारा पुस्तकातल्यासारखा पडत नाही. पत्र्याचा वेगळा, रंगाचा वेगळा, टायरचा वेगळा. आणि ज्या एका वस्तूचा घसारा गाडी उभी असतानाच जास्त पडतो, ती वस्तू पाहुण्याला दाखवता येत नाही. ती म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतले तेल.

त्याला तेल म्हणायची आपली रीत आहे. वास्तविक ते तेल नव्हे. साध्या डॉट-३ जातीच्या द्रवाचा मुख्य घटक ग्लायकॉलच्या कुळातला असतो आणि त्याला पाण्याची फार ओढ. डबीच्या झाकणातून, रबरी नळ्यांतून तो हवेतली वाफ हळूहळू ओढून घेतो. बेळगावच्या पावसाळ्यात त्याला उपाशी राहण्याचे कारणच नाही! नवा, कोरडा डॉट-३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की तो १४० अंशांवर उकळला तरी मानकात बसतो. शंभर चमच्यांत चार चमचेसुद्धा पाणी नाही, आणि पासष्ट अंश खलास. शिवाय मुरलेले पाणी सिलिंडरला आतून गंजवते ते निराळेच.

एवढी उष्णता येते कुठून, असे सपाटीवर राहणारा विचारील. आपण सपाटीवर राहत नाही. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटाने केरीला उतरणारा रस्ता आपल्यापैकी निम्म्यांनी पाहिला असेल. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ड्रम म्हणजे बंद डबा. आत तापलेली हवा चटकन बाहेर पडत नाही. उतारावर पाय ब्रेकवरच ठेवून गाडी उतरवली की ड्रम तापतो, त्याला लागून असलेला सिलिंडर तापतो, आतला द्रव उकळू लागतो आणि त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही. वाफ दाबली जाते. मग पेडल थेट तळाला टेकते आणि गाडी आपल्या गतीने पुढे जाते. गंमत अशी (हिला गंमत म्हणणे जिवावर येते) की अर्ध्या तासाने ड्रम निवला की वाफेचा पुन्हा द्रव होतो, पेडल पूर्ववत उभे राहते आणि गॅरेजवाला सांगतो, "ब्रेक तर चांगले आहेत की!"

तेव्हा हा द्रव साधारण दोन वर्षांनी बदलावा आणि त्याबरोबर नळ्यांत शिरलेली हवा काढून टाकावी, असे जाणकार सांगतात. या कामाला गॅरेजात 'ब्लीडिंग' म्हणतात. आमच्या गाडीच्या बाबतीत आम्ही ते काम एका गॅरेजवर सोपवले होते. पैसे दिले, पावतीवर 'ब्रेक ऑइल बदलले' असे लिहून आले. पुढे आम्ही स्वतः निपल उघडला तेव्हा आतून जे आले ते बिनदुधाच्या चहापेक्षा काळे होते. डबीतले वरचे तेवढे बदलले होते, चाकाजवळचे जुनेच. गॅरेजचे नाव मी घेणार नाही. कारण दोष निम्मा आमचाही. क्रोम पुसायला आम्ही स्वतः बसतो आणि ब्रेकच्या वेळी 'संध्याकाळी घेऊन जाईन' म्हणून निघून येतो.

आता काम काय आहे ते सांगते. दोन माणसे लागतात. चाकाच्या पाठीमागे व्हील सिलिंडरवर एक बारीक निपल असतो. त्यावर पारदर्शक नळी चढवायची, तिचे दुसरे टोक थोडा नवा द्रव घातलेल्या बाटलीत बुडवायचे. आत बसलेल्याने पेडल दोन-चारदा दाबून दाबून धरायचे. धरलेले असताना बाहेरच्याने पान्याने निपल अर्धा-पाऊण आटा सैल करायचा. द्रव आणि बुडबुडे बाटलीत येतात, पेडल खाली जाते. निपल पुन्हा घट्ट करायचा, आणि त्यानंतरच, हे 'त्यानंतरच' महत्त्वाचे, आतल्याने पाय उचलायचा. असे बुडबुडे थांबून स्वच्छ द्रव येईपर्यंत. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकाने. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून आधी मागचे डावे, मग मागचे उजवे, पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. तेलाच्या डबीवर सतत नजर हवी. ती रिकामी झाली की हवा वरूनच आत शिरते आणि केलेले काम पहिल्यापासून. एकट्याने काम करता यावे म्हणून एकमार्गी झडपेच्या नळ्या मिळतात. मिळू देत. दोन माणसांच्या कामात जे कळते ते त्यांत कळत नाही, असे माझे मत आहे.

कारण मागच्या वेळी आमचे काय झाले ते ऐका. आजोबा चाकाशी पाना घेऊन, मी पेडलवर. त्यांनी निपल सैल केला आणि मला कळावे म्हणून ओरडले, "सोडलं!" मला ऐकू आले "सोड". मी आज्ञाधारकपणे पाय उचलला. निपल उघडा, पेडल वर. सबंध नळीने बाहेरची हवा आत ओढून घेतली. असे तीनदा झाले. बुडबुडे संपेनात. आजोबांना वाटले सिलिंडर गेला, मला वाटले मी दाबायलाच चुकते आहे. शेवटी आजी स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "अहो, ते 'सोडलं' म्हणता आणि ती सोडते आहे." एका अक्षराने आमचा रविवार खाल्ला होता!

यंदा आजोबांचे गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत म्हणून पाना माझ्याकडे आला. पेडलवर शेजारचे काका बसले. काका घरी कानडी बोलतात, माझ्याशीही कानडीच. आजोबा खुर्ची टाकून तेलाच्या डबीपाशी. आधी शब्द ठरवून घेतले. कानडीतल्या 'बिडु'लाही तीच खोड आहे, निपल सोडला तरी 'बिडु' आणि पाय सोडायचा तरी 'बिडु'. म्हणून सोडण्याचा शब्दच दोन्ही भाषांतून हद्दपार केला. 'ओत्री', म्हणजे दाबा. 'हिडीरी', म्हणजे धरा. निपलासाठी मी 'उघडला' आणि 'मिटला' असे मराठीत म्हणायचे, आणि 'मिटला' ऐकल्यावाचून काकांनी पाय हलवायचा नाही. माणसाच्या पायासाठी कानडी आणि लोखंडासाठी मराठी, अशी ती वाटणी झाली. सबंध सकाळ एकदाही चूक झाली नाही.

तिथे चाकाशी बसल्या बसल्या एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मराठी शाळेत आम्ही पास्कलचा नियम पाठ केला होता: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोचतो. परीक्षेत पैकीच्या पैकी गुण. पण 'दाब' हे नाव आणि 'दाब' ही आज्ञा एकच शब्द आहे हे तेव्हा जाणवले नव्हते. कानडीतही तसेच, 'ओत्तु' म्हणजे दाब आणि 'ओत्तड' म्हणजे दाब. काकांनी आत पाय दाबला आणि मागे माझ्या हातातली नळी थरथरली, तेव्हा सातवी-आठवीतले ते वाक्य मला पहिल्यांदा कळले. ज्या गावात १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचे दुकान काढले आणि आज ज्याच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकचे पंप बनतात, त्या गावातल्या मुलीला हा नियम कळायला विसावे वर्ष उजाडावे लागले. असो.

मागच्या डाव्या चाकाचा निपल गंजलेला होता. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवले होते म्हणून निभावले. नाहीतर जोर लावून तो मोडणे सोपे असते आणि मग सिलिंडरच बदलावा लागतो. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून चाकाशी बसायचे नाही. खाली भक्कम स्टँड, पुढच्या चाकांना दगड. द्रवाचा थेंब रंगावर पडला तर लगेच पाण्याने धुवावा, नाहीतर रंग उकलतो. (आजोबांना ब्रेकपेक्षा ही भीती मोठी होती. ते डबीकडे कमी आणि मडगार्डकडे जास्त पाहत होते!) बाटलीत आलेला द्रव पुन्हा वापरायचा नाही, गटारातही ओतायचा नाही. महत्त्वाचे म्हणजे नवा द्रव सीलबंद डब्यातलाच हवा. कपाटात दोन वर्षे उघडा पडलेला डबा म्हणजे तोच घसारा, फक्त कपाटात.

चारही चाके झाली. काकांनी पेडल दाबून पाहिले, दगडासारखे. आजोबा खुर्चीतून उठले, आता चादर काढायचीच काय ती बाकी. मी म्हटले, "काका, एक मिनिट धरून ठेवा बघू." काकांनी धरले. आणि पेडल हळूहळू, घड्याळाच्या मोठ्या काट्यासारखे, खाली जाऊ लागले.

इथे पायाची भाषा समजून घेतली पाहिजे. पेडल स्पंजासारखे लागले तर आत हवा. खाली जाते पण शेवटी कडक लागते, तर बहुधा लायनर ड्रमपासून लांब गेलेले. ते जवळ आणावे लागतात, हवा काढून उपयोग नाही. आणि पाय स्थिर ठेवूनही पेडल खचत जाते, तर कुठेतरी गळते आहे, नाहीतर मास्टर सिलिंडरचे रबर हार मानते आहे. पेडलवर बसणाऱ्याला आपण मदतनीस समजतो, "तू नुसतं दाब" म्हणतो. प्रत्यक्षात दुखणे आधी त्यालाच कळते.

मागचा उजवा ड्रम उघडला. व्हील सिलिंडरच्या धुळीच्या टोपणाखाली ओल होती, एका लायनरची कड काळी पडली होती. फार नाही, बोटाला लागेल एवढी. पण आमच्या गाडीत चारही चाकांना मिळून एकच मार्ग आहे. नव्या गाड्यांप्रमाणे दोन स्वतंत्र मार्ग नाहीत. एका चाकाशी गळले की चौघांचे गेले, आणि घाटात हातब्रेक व खालचा गिअर यांच्या भरवशावर उतरायचे.

आणि पुढच्याच आठवड्यात साखळीला आजोबांच्या बहिणीच्या नातवाचे लग्न होते. आजोबांना तिथे पद्मिनीतून उतरायचे होते. १९८४ साली नवी गाडी घेऊन ते पहिल्यांदा बहिणीकडेच गेले होते. घाट तोच नसला तरी गाडी तीच. हे सगळे मला माहीत होते. तरी मी म्हटले, "आजोबा, गाडी न्यायची नाही."

विशीच्या नातीने असे बोलावे अशी आमच्या घरची रीत नाही. आजोबांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. ते काकांकडे वळले आणि कानडीत विचारले, नेऊ का म्हणून. काकांनी पेडलवरचा पाय काढला आणि म्हणाले, "ब्याड्री." नको.

आम्ही भाड्याच्या गाडीने गेलो. चोर्ल्याच्या प्रत्येक वळणावर चालकाशेजारी बसलेल्या आजोबांचा उजवा पाय पायपुसण्यावर दाबला जात होता. मी मागून पाहत होते.

आता माझे म्हणणे मांडते. जुन्या गाड्यांचे प्रेम सध्या फार वाढले आहे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा कितीकांनी डोळ्यांत पाणी आणून फोटो प्रसिद्ध केले. वालचंद हिराचंदांच्या १९४४ सालच्या कारखान्यापासून सगळा इतिहास निघाला. त्या साऱ्या गहिवरात ब्रेकचा उल्लेख कुठे माझ्या वाचनात आला नाही. आपले प्रेम पत्र्यावर आहे. आणि कायदाही फार मदतीला येत नाही. १५ वर्षांनंतर खासगी गाडीची तपासणी होऊन पाच-पाच वर्षांची मुदतवाढ मिळते. या द्रवाचे आयुष्य दोन वर्षांचे. मधल्या तीन वर्षांत घरच्या माणसावाचून कोण पाहणार? '५० वर्षांवरील विंटेज गाडी' म्हणून २०२१ च्या नियमांखाली नोंद व्हायला आमच्या गाडीला २०३४ उजाडेल. तोवर ती नुसती जुनी गाडी आहे, आणि जुन्या गाडीचा मालक हाच तिचा पहिला तपासनीस.

"असली जबाबदारीची कामे ज्याची त्याने करावीत," असे आमचे एक प्राध्यापक मला म्हणाले. त्यांचे म्हणणे मी खोडून काढणार नाही. व्हील सिलिंडर मी घरी उघडला नाही; तो एका वयस्कर मिस्त्रींकडे गेला, ज्यांना या गाड्यांची नाडी कळते. त्यांच्याकडे शिकायला नवी मुले येत नाहीत, हे त्यांनी न विचारता सांगितले. पण मिस्त्रींकडे सिलिंडर नेला पाहिजे हे आम्हांला कळले कशाने? घरी हवा काढायला बसलो म्हणून. गाडी नुसतीच 'करून द्या' म्हणून पाठवली असती तर पेडल कडक होऊन परत आली असती आणि ते एक मिनिट कोणी धरून पाहिले नसते. घरी हे काम जरूर करावे, पण ज्याला काम संपल्यावर "गाडी न्यायची नाही" असे म्हणण्याची तयारी आहे त्यानेच. ती तयारी नसेल तर पाना हातात घेऊ नये. कारण स्वतः घाम गाळलेले काम बरोबरच झाले असे वाटण्याचा मोह फार मोठा असतो. त्या सकाळी तो मलाही झाला होता.

आणखी एक सुचवते. खंडेनवमीला आपण गाडी धुतो, झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. कानडी घरांत त्याच दिवशी आयुधपूजा. एक वर्षाआड त्याच्या आदल्या रविवारी नवा डबा आणावा आणि घरातल्या दोघांनी चाकांशी बसावे. दोघांपैकी एक तरी कॉलेजात जाणारे असावे; म्हाताऱ्यांचे गुडघे आणि त्यांचा गाडीवरचा विश्वास, दोन्ही तपासून घ्यावे लागतात.

सिलिंडर बसून आला. काका पुन्हा पेडलवर बसले, मी चाकाशी. या वेळी पेडल दोन मिनिटे धरले, हलले नाही. गाडीच्या कागदांबरोबर आजोबांची एक जुनी वही असते. तीत पेट्रोलचे भाव आणि टायरच्या तारखा आहेत. त्यांनी नवे पान काढले, वर 'ब्रेक' असे लिहिले, खाली तारीख घातली. मग थोडा विचार करून पुढच्या रकान्यात दोन वर्षांनंतरची तारीख लिहिली, आणि तिच्यापुढे कंसात माझे नाव.